सहावं मशीन

प्रिय पंतोजी,

हे नाव मीच तुला ठेवलं होतं, म्हणून हाताला सवय राहिली आहे. प्रेम उतू चाललंय असं समजू नकोस. तुला बढती मिळाल्याचं कळलं. अभिनंदन हो! माझं तू विचारणार नाहीसच, तरी सांगते. एका शाळेच्या कार्यालयात मुलांची हजेरी कॉम्प्युटरवर चढवते. दोन वर्षं झाली. पाहुण्यांसमोर माझ्या कामाचा विषय निघाला की आई अजून स्वयंपाकघरात निघून जाते.

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाचं आपलं काम मात्र स्वप्नातही पाठ सोडत नाही. कुठल्या हॉस्पिटलात किती खाटा रिकाम्या, हे पडद्यावर चटकन दिसावं म्हणून ती माहिती आपण पाच मशीनच्या मेमरीत ठेवायचो. कुठली नोंद कुठल्या मशीनवर, हे दोन्हीकडच्या प्रोग्राममध्ये बसवलेला एक तयार कोड, म्हणजे आपली लायब्ररी, मशीनची यादी बघून ठरवायची. खाटा भरल्या की हॉस्पिटलचा प्रोग्राम जुनी नोंद पुसणार, ती सापडली नाही की कक्षाचा प्रोग्राम मूळ नोंदवहीतून नवी आणणार. दोघांच्या याद्या तंतोतंत सारख्या हव्यात, हे तूच माझ्या डोक्यात कोंबलं होतंस.

आणि त्या मंगळवारी तुझं लॉगिन अडकलं म्हणून तू माझ्या खुर्चीत बसलास. कक्षाच्या यादीत सहावं मशीन घातलंस, दुसरी यादी जेवून आल्यावर करतो म्हणालास. केली नाहीस. मग एक प्रोग्राम एका मशीनवर पुसतोय, दुसरा भलत्याच मशीनवर वाचतोय. नसलेली नोंद पुसायला सांगितली तरी लायब्ररी हूं की चूं करत नाही. जुनी नोंद तशीच राहिली; दोन तास पडद्यावर एका हॉस्पिटलात दोन खाटा रिकाम्या, प्रत्यक्षात एकही नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस छाती धरून त्या भरलेल्या हॉस्पिटलच्या दारात पोचला. तिथून दुसरीकडे नेईपर्यंत वाटेतच गेला.

चौकशीत माझं लॉगिन निघालं. तू शेजारी हाताची घडी घालून बसला होतास. आदल्या संध्याकाळी म्हणाला होतास, दोघांच्या नोकऱ्या जाण्यापेक्षा एकीची गेलेली बरी, उद्या लग्न झालं की घर एकच ना? आणि मी मूर्ख, तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. सहा महिन्यांनी तुझ्या लग्नाची पत्रिका आली. ती बरी अगदी बिनचूक पत्त्यावर पोचली! आईनं हौसेनं फोडली, नवरीचं नाव वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जसं काही मीच तुला हाकललं होतं. तुला शिव्या द्यायला मी कितीदा फोन उचलला, सांगत नाही. लाज वाटते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या गुरुवारी त्या लिफ्टवाल्याची बायको माझ्याकडे आली. चौकशीच्या कागदावर माझं नाव आहे ना. मला वाटलं, आता तळतळाट देईल. ती नुसती पाणी प्यायली आणि म्हणाली, त्या दिवशी तुमच्या हातून नेमकं काय झालं ते सांगा, मुलं विचारतात. मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे सांगायला काही नव्हतंच. माझ्या हातून काही झालंच नव्हतं रे. म्हणून कुणाच्या हातून झालं ते सांगितलं. चौकशी अधिकाऱ्यालाही तसंच लिहून दिलंय. तुझ्या घरचा पत्ता तिनं मागितला, मी दिला. रविवारी सकाळी मुलांना घेऊन ती तुझ्याकडे येणार आहे. घरीच थांब.

एके काळी तुझीच