छाती चौतीस, बाही तेवीस

इंदापूर,
रविवार, १४ मार्च १९९९

प्रिय धम्मा,

जय भीम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरला असशील, तर आधीच सांगते, तात्या बरे आहेत. आत्ता ओट्यावर बसून ज्वारी निवडतायत. डोळ्यांनी नाही, बोटांनी. डोळ्यांचं पुढं लिहिते.

आज तुझा कॉम्प्युटर बंद केला. आमच्या बारामतीच्या क्लासनं मोडीत काढलेला, तू एसटीत मांडीवर घेऊन आणलेला तो डबा. त्र्याण्णव साली तात्यांना तू त्यावर घरखर्चाचा प्रोग्रॅम शिकवलास आणि दोनच महिन्यांनी, कालव्याच्या ऑफिसातल्या नोकरीचा कॉल खिशात घेऊन, त्याच मुलाखतीला जातो असं सांगून बेंगळूरची गाडी धरलीस. आपल्या आज्यानं दुसऱ्याच्या रानात जन्म काढला, तात्या त्या ऑफिसात कारकून झाले, आणि ती खुर्ची तू अशी झिडकारलीस. ह्या घरात त्याचं नाव काढायचं न्हाय, असं ते त्या दिवशी म्हणाले. सहा वर्षं होत आली. मी दर रविवारी सांगवीहून माहेरी येते, पण माझ्याही तोंडून तुझं नाव निघालं नाही. तुझी दोन पत्रं त्यांनी न फोडता परत पाठवली, आणि मी नुसती बघत राहिले. त्याचा राग माझ्यावर धर, तुझा हक्क आहे.

तर डोळे. गेल्या दिवाळीपासून तात्यांना कडेचं दिसेना. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेली ती नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. तात्यांनी हे ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, चल, च्या पिऊ. त्या काळ्या पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना दिसेनात, म्हणून मी क्लासमधून विंडोजवाला कॉम्प्युटर आणला. त्यावर अक्षर हवं तेवढं मोठं होतं.

मला वाटलं, फ्लॉपी घातली की काम झालं. आकडे आले मुकाट्यानं. पण तात्यांनी बसवलेली घडी काही आली नाही. कुठल्या खर्चाला काय नाव, कशाच्या खाली काय, कुठल्या तारखेला कशाची आठवण करून द्यायची, ते सगळं जुन्या डब्यातल्या डॉसच्या ज्या फाइलीत होतं ती नव्या प्रोग्रॅमला वाचताच येईना. पोरांना शिकवणारी मी, घरच्या कामात तोंडावर पडले! शेवटी दोन्ही कॉम्प्युटर शेजारी मांडले. जुन्यावरचं एकेक मी मोठ्यानं वाचायचं, ठेवू का विचारायचं, तात्यांनी ठिव म्हणायचं, की मी नव्यावर टाकायचं. एकही काढू दिलं नाही त्यांनी. आई जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी जुन्या खर्चाच्या वहीतून उतरवलेलं तिच्या औषधाचं नावसुद्धा तसंच ठेवायला लावलं.

मग आठवणींची यादी आली. अठरा होत्या. सोळा झाल्या आणि सतरावी मनातल्या मनात वाचून मी थांबले. एक एप्रिल, धम्मदीपच्या शर्टाचं कापड. आठवतंय का रे? तात्यांना शिकवताना नमुना म्हणून तूच टाकली होतीस ती, वर खोडसाळपणे स्वतःचं मापही लिहिलं होतंस. आई गेल्यापासून चौदा एप्रिलच्या आधी तात्या आपल्या दोघांना नवं कापड घेतात, म्हणून ती तारीख. मी ती गुपचूप गाळली आणि अठरावी वाचली, विहाराच्या रंगकामाची.

तात्या म्हणाले, सतरावी ऱ्हायली.

मग त्यांनी स्वतःच म्हटलं, डोळे मिटून, पाढा म्हणावा तसं. धम्मदीप. शर्टाचं कापड. छाती चौतीस, बाही तेवीस, लांबी सत्तावीस. सहा वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव ह्या घरात निघालं, आणि ते त्यांच्या तोंडून. मला रडू आवरेना. तर माझ्यावरच खेकसले, रडतीस काय, लिही की!

मी विचारलं, दर वर्षी ही आठवण वाजायची तेव्हा तुम्ही काय करत होता? म्हणाले, मला ती काढाय येत न्हाय. थापा! ज्या माणसानं सतरा आठवणी स्वतःच्या हातानं टाकल्या त्याला एक काढता येत नाही होय? मग त्यांनीच उठून आईची ट्रंक उघडली. आत पाच कापडं आहेत, धम्मा. प्रत्येकात सालाची चिठ्ठी. चौऱ्याण्णवचा शर्ट जोतीराम टेलरकडून जुन्या मापावर शिवूनच घेतलेला, निळ्या रेघांचा. बाकीची चार तशीच घडीत. का नाही शिवली विचारलं, तर म्हणाले, पोरगं भरलं आसंल आता, चौतीसच धरून कसं चालंल.

मी परत कॉम्प्युटरपुढं बसले. मी सतरावी टाकली, नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि मापाशी थांबले. तेव्हा म्हणाले, ती जागा मोकळी ठिव, त्याला इचारून टाक. म्हणून हे पत्र. तात्यांनी तुला ये म्हटलेलं नाही, ते म्हणणारही नाहीत, मला फक्त माप मागवायला सांगितलंय. पण ते म्हणतात तसं करू नकोस. माप लिहून पाठवू नकोस, बाबा. चौदा एप्रिलच्या आधी चार दिवस ये, जोतीरामला दारातच टेप लावू दे, आणि तात्यांना समोर बसून बघू दे. समोरचं अजून त्यांना दिसतं.

तुझ्यावर अजून चिडलेली, पण तुझीच,
करुणाताई