बाबांचा रेडिओवरचा फोन

ड्वेन,
सकाळी आई आणि मी रेडिओवर बेसबॉलच्या चाहत्यांचे फोन ऐकत होतो. एक माणूस तावातावाने बोलत होता, "काल आपल्या संघाने चेंडू फेकणारा सगळ्यात चांगला पिचर विकला, आणि आणला कोण, तर गुडघे गेलेला म्हातारा! मालकाला बेसबॉल कळतो तरी का?" आवाज आपल्या बाबांचा होता. मधला खोकलाही त्यांचाच. त्यांना दफन करून तीन महिने झालेत रे!
निवेदकाने विचारलं, "कुठून बोलताय?"
"घरूनच. बायको समोर बसलीय."
आई नुसती हसली. मी इथून निघू या म्हटलं, तर म्हणाली, "एप्रिलमध्ये सामने सुरू होईपर्यंत त्यांना एकटं कसं सोडू?"
मी घाबरून मावशीकडे चाललेय, माफ कर. तू आईजवळ बस. ती कुणाशी बोलत असली तर मध्ये बोलू नकोस.
मार्लीन