अडवलेला बायोडेटा

पुष्करसर,

विश्रामबागेतल्या तुमच्या कॉलेजात मयूरी क्लार्क आहे. तिच्या ऑफिसच्या मेलवर मी माझा लग्नाचा बायोडेटा पाठवला होता. त्याची प्रिंट काढून ती वडिलांना दाखवणार होती. तुम्ही सांभाळता त्या सर्व्हरनं तो स्पॅम म्हणून परस्पर अडवला. ना तिला पत्ता, ना मला! गुरुवारी तिची दुसरीकडं सुपारी फुटली.

मेलच्या विषयात मी 'लगेच उघड, आयुष्य बदलेल' लिहिलं, हे चुकलंच. पण आवं, संशय आला तर वर 'संशयित' असा शिक्का मारा आणि पोचवा की! उघडायचं का नाही, ते तिचं ती बघेल. तुम्ही तिला म्हणे सांगितलंत, "लोक फसतात, म्हणून अडवतो." शिक्षण अर्धवट सोडलेल्या मला एवढं कळतं, तुम्हाला का कळू नये?

काल ती कोरेगावात आमच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला आली, तेव्हा तिनंच हे सगळं सांगितलं. आणि विचारलं, "बुधवारी सात वेळा फोन केला रं, का लागला नाही?"

तिचं उत्तर येईना म्हणून लय तापलो होतो, सर. मंगळवारीच तिचा नंबर ब्लॉक केला होता.

आता हे पत्र तुम्हाला कुठल्या तोंडानं पाठवू?

तरीही तुमच्यावर चिडलेला,
ऋषिराज