खाऱ्या विहिरींचे माड

प्रिय बाबा,

आज दुपारी जनाकाकाच्या परसात, पुरुषभर खोल, कालवांच्या शिंपल्यांचा थर लागला. पांढरे, जाड, हजारो वर्षांपूर्वीचे शिंपले! तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगायची होती, म्हणून हातपाय धुऊन लगेच लिहायला बसले.

तुमच्या लेकीचं काम हल्ली दगडांपेक्षा कॉम्प्युटरवर जास्त चालतं. नकाशाच्या सॉफ्टवेअरला जमिनीची उंची, उतार, माती, नदीचे जुने प्रवाह असं सगळं भरवायचं. मग जीवाश्म सापडण्याची शक्यता जिथे जास्त, तो भाग ते लाल करून दाखवतं. तुम्ही म्हणाला असता, "घरांत बसून जमीन कळटा?"

खुशाल हसा. पहिल्या नकाशाने आम्हाला तोंडघशीच पाडलं. आपल्या पार्स्यात नदीकाठी लाल भागात तीन खड्डे घेतले, तिन्हींत नुसता चिखल. चूक माझीच. आधी शिंपले कुठे सापडलेत, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, आणि माझ्याकडे तशा जागाच नव्हत्या.

आईकडे होत्या! मी वैतागून बडबडत होते, तर भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "तुज्या बापायक खाऱ्या बांयांनी शिंपयो मेळटाल्यो मगे." खाऱ्या विहिरींत शिंपले! बाबा, मी भूशास्त्र शिकत होते तेव्हा तरी सांगायचंत ना?

का नाही सांगितलंत, ते कळतं मला. तुम्ही खणलेल्या विहिरीला खारं पाणी लागलं की तुम्ही ती स्वतः बुजवायचात, वर माड लावायचात आणि पुन्हा तिचं नाव काढायचा नाहीत. जनाकाकाची विहीर अशीच निघाली, तीही त्याच्या मुलीच्या लग्नाच्या तोंडावर. तो चारचौघांत म्हणाला, ह्याला जमीन कळतच नाही. तुम्ही पहार माळ्यावर टाकलीत आणि डिचोलीला खाणीवर पंप चालवायला गेलात. इतकं मनाला लावून घ्यायचं होतं का हो?

मग आई माझ्या स्कूटरवर मागे बसून माड दाखवत गावभर फिरली. "हो तुज्या बापायन लायल्लो. तोय." सात मिळाले. त्या सातही जागा मी नकाशात भरल्या, आणि लाल पट्टा नदीकाठ सोडून आत, जनाकाकाच्या घरामागे सरकला. तिथवर एके काळी खाडी होती, बाबा! पाणी खारंच लागणार होतं, तुमचा हात चुकला नव्हता.

आज जनाकाका काठी टेकत खड्ड्यापाशी आला. शिंपला हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "जमीन ताका कळटाली गो बाय. हांवच नाका तें उलयलों." आपणच नको ते बोललो, हे त्याच्या तोंडून ऐकून मला रडू आलं, आणि त्याला पाणी द्यायला उठले तेव्हा बरंही वाटत होतं. आईने संध्याकाळी त्याच्या घरी वाटीभर खीर धाडली. इतक्या वर्षांनी!

पुढच्या आठवड्यात अहवाल जाईल. त्या सात जागा प्रथम कोणी पाहिल्या, हे त्यात लिहावं लागतं. तिथे तुमचं पूर्ण नाव घालीन, हे वचन. आणि नावापुढे पंपचालक नाही, विहीर खणणारे असं लिहीन.

तुमची,
सुमन