जखमेचं तोंड

प्रिय चिकट्या,

हे नाव अकरा वर्षांनी लिहितेय. तुझ्या हाताला सदा पुस्तकबांधणीची खळ लागलेली असायची आणि एकदा कामाला चिकटलास की तू सुटत नसायचास, म्हणून बाबांनी ठेवलेलं. आधी तुझं खरं नाव घालून सुरुवात केली होती, पण ते कुणा साहेबाला अर्ज केल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून कागद फाडला. आई पाच महिने अंथरुणाला खिळून आहे. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते जुळलं, पण पडून पडून माकडहाडापाशी जखम झाली. रोज सकाळी मीच तिचं ड्रेसिंग करते. तुला मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगण्याआधी मी चार गल्ल्या हिंडून येणार. माझी ही खोड तुला ठाऊक आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

मी अजून दवाखान्याच्या त्याच ड्रेसिंगच्या खोलीत आहे, आता घरून जाऊन-येऊन. तेच पत्र्याचं टेबल, तीच डगमगती ट्रॉली, निवृत्तीला एक वर्ष उरलं. नव्या मुली येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की बायांनो, जखम आपण बरी करत नाही, ती आपली आपण बरी होते, आपण फक्त तिच्या आड यायचं नाही. सूज आली, लाली आली, जागा गरम लागली की नातेवाईक हवालदिल होतात. मी म्हणते, अहो, अंगाने मदतीला माणसं धाडलीत, ती गर्दी आहे. गर्दी झाल्यावर थोडी धक्काबुक्की व्हायचीच. मग मेलेलं ते वाहून जातं, आणि खोल जखम असेल तर तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलं मांस धरायला लागतं. ते दिसलं की मला आजही बरं वाटतं. कडांची कातडी मात्र उतावळी असते. तळ भरायच्या आधीच दोन्हीकडून सरकत येते आणि वर झाकण घालते. म्हणून खोल जखमेत गॉजची पट्टी भरायची, तिचं शेपूट बाहेर ठेवायचं आणि तोंड उघडं राखायचं. दुखलं तरी. रोज.

हे सगळं तुला मीच शिकवलं होतं. खालच्या बांधणीच्या दुकानात पुस्तकं दाबायच्या दाबाची लोखंडी पाटी बाबांच्या पावलावर पडली, त्यांची साखर वाढलेली, आत पू झाला, डॉक्टरांनी कापून मोकळं केलं आणि घरी पाठवलं. मी तेव्हा नोकरीसाठी दोन गावं पलीकडे राहायचे, आईला जखमेकडे बघवत नव्हतं. राहिलास तू. पुस्तकं बांधणारे हात ते. पट्टी कशी सुबक कापायचास, कडेचा एक धागा निघालेला चालायचा नाही तुला. बाबा म्हणायचे, पोरगं माझ्या पायाची बांधणी करतंय, आता वर सोनेरी अक्षरं तेवढी काढायची बाकी आहेत. आणि पट्टी आत जायला लागली की उशी चावायचे.

त्या रविवारी मी आले होते. तू चिमटा आत घालून मला दाखवलंस आणि म्हणालास, ताई, दोन बोटं जातो अजून. बाबांनी माझा हात धरला. पुरे कर गं आता, सहन होत नाही, असं म्हणाले. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मी त्यांना दटावलं असतं. पण ते रडत होते रे. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, लाल झाली आहे जखम, छान आहे, आता भरायचं बंद कर, वरून साधी पट्टी बांध. तू दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा मी खेकसले की वीस वर्षं मी हे करतेय की तू? आठवड्यात तोंड मिटलं. तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी शाबासकीही दिली. आत पू साठत होता, तो हाडापर्यंत गेला. मग ताप, मग गुडघ्याखाली पाय कापला, मग विष रक्तात भिनलं. पाय कापल्यापासून नवव्या दिवशी बाबा गेले.

पाय कापला त्या दिवसाचं तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. डॉक्टरांनी विचारलं, घरी भरणं कुणी थांबवलं? आई होती, काका होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मी सलाइनच्या नळीचा थेंब बघत बसले. तो नीट पडत होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मग तू म्हणालास, मी थांबवलं. बाबा गेल्यावर आईने तुला सांगितलं, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. तू तिचा शब्द पाळलास. आणि मी, ड्रेसिंगच्या खोलीत सगळ्यांना तोंड उघडं ठेवायला सांगणारी, स्वतःचं मिटून बसले. आधी नोकरी जाण्याची भीती होती. पुढे उशीर झाल्याची लाज वाटायला लागली आणि ती दर वर्षी वाढत गेली. खालचं दुकान बंदच आहे. दाब गंजला. तू आता कुठल्याशा गोदामात पेट्या मोजतोस असं काकाकडून कळलं, तेव्हा मी पोटभर रडले. तुझ्या हातांसाठी रडले.

सोमवारी आईच्या जखमेत पट्टी भरत होते. ती कळवळली म्हणून माझा हात थांबला. तशी ती म्हणाली, थांबू नकोस, भर पूर्ण, त्या कार्ट्यासारखं अर्ध्यावर सोडू नकोस. माझ्या हातात चिमटा होता. मी पट्टी पूर्ण भरली, हात धुतले, तिच्या समोर जाऊन बसले आणि त्या रविवारचं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. कूस वळवून दिली नाही मी, तरी ती कशीबशी भिंतीकडे वळली. तीन दिवस तशीच होती. ड्रेसिंग करू द्यायची, पण माझ्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही, शेजारच्या काकूंना हाक मारायची. मी रागावले नाही. मला तेवढं तरी मिळायलाच हवं होतं.

आज सकाळी ती भिंतीशीच बोलल्यासारखी बोलली. म्हणाली, त्याला बोलवायचं तर आता कोणत्या तोंडाने? मी म्हटलं, माझ्या. म्हणून हे पत्र. मला माफ कर असं यात लिहीत नाही, माफी मागायला मी समोर असले पाहिजे. व्रणाची कातडी पहिल्यासारखी बळकट कधीच होत नाही, हे मी रोज लोकांना सांगते, तेव्हा तुला खोटी आशा दाखवणार नाही. पण तू ये. आईची जखम अजून खोल आहे. काल मला वाटलं की आता तळ भरला, वरून नुसती पट्टी बांधली तरी चालेल. मग माझाच माझ्यावर विश्वास बसेना. तू आलास की चिमटा तुझ्या हातात देईन. किती बोटं आत जातो ते तू बघ. या वेळी तू सांगशील तेच मी ऐकेन.

तुझीच,
ताई