गाडी गॅरेजात असताना

सोलापूर,
१८ फेब्रुवारी १९७५

प्रिय माजिदा,

तू करमाळ्याला भावाकडे राहायला गेलीस त्याला वर्ष होत आलं, आणि मी तुला धड एक पत्र लिहिलं नाही. दिवाळीला कार्ड टाकलं होतं, पण त्याला काही पत्र म्हणायचं नाही. गुडघा कसा आहे तुझा? इथं दवाखान्यात तुझ्या जागी एक मुलगी आली आहे, मिरजेला नर्सिंग शिकलेली. हात हलका आहे तिचा. पण बाळंतीण ओरडायला लागली की हिचाच चेहरा पांढराफटक पडतो. मग मी तिला दटावते, घाबरायचं तर घाबर, पण तोंडावर दिसू देऊ नकोस. तू मला हेच सांगायचीस, मी नवी डॉक्टर होऊन इथं आले तेव्हा. पगार मी द्यायची आणि शिकवायचीस तू.

आधी गाडीची हकीकत सांगते. वकीलसाहेबांनी ती घेतली तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. मिलच्या एजंटाच्या बंगल्यातली विलायती मोटार, काळीभोर, आत लाल कातड्याच्या गाद्या, आणि आपल्या बोळात वळेना म्हणून ती चौकातच उभी करावी लागे. ह्यांना तिचा काय अभिमान! रविवारी स्वतः पुसायचे, दुसऱ्या कोणाला फडकं लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर सगळ्यांनी मला सांगितलं, बाई, आता हा पांढरा हत्ती कशाला पोसता, विकून टाका. मी विकली नाही. लोकांना वाटलं नवऱ्याची आठवण म्हणून ठेवली. तेही खोटं नव्हतं. पण खरं कारण तुला ठाऊक आहे. मागच्या गादीवर अडलेली बाई आडवी निजवून तिच्या पायाशी तू बसू शकायचीस, इतकी ती रुंद होती. दुसऱ्या कुठल्या गाडीत ते जमलं असतं? किती बाळं त्या लाल गादीवर जन्मली असतील! कुंभारीच्या रस्त्याला तर हॉर्न ऐकला की बायका आपणहून पाणी तापत ठेवायच्या.

संक्रांतीच्या सुमाराला मी सात रस्त्यापाशी येत होते. समोर कापसाच्या गाठींची हातगाडी. ब्रेकवर पाय दिला तर पॅडल सरळ तळाला गेलं, खाली काही नव्हतंच जणू. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, कसाबसा थोडा लागला, तोवर मी गाडी कडेच्या दगडांना घासत नेली होती. कोणाला काही झालं नाही. हातगाडीवाला मात्र माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच कसंतरी झालं. तिथून पहिल्या गिअरमध्ये रांगत मौलालीच्या गॅरेजात नेली. मौलालीनं चारी चाकं काढली, खाली निजून बराच वेळ पाहिलं आणि हात पुसत बाहेर आला. म्हणाला, "बाई, ही चालतीया, पण थांबत न्हाय. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आतून खाल्लाय, रबरं फुगून गेलीत, दोन ड्रमबी गेल्यात. चालणारी गाडी मी तुमाला कवाबी देईन. न थांबणारी देणार न्हाय."

आणि मग त्यानं किंमत सांगितली. आकडा लिहीत नाही, तू उगीच जीव जाळशील. विलायतेहून सामान येणं कधीच बंद झालंय. मुंबईत एका व्यापाऱ्याकडे जुन्या मालातून निघालेला सिलिंडर होता, तो सांगेल तो भाव. इकडे ऑपरेशनच्या खोलीतलं निर्जंतुक करायचं यंत्र कुरकुरत होतं, त्याला पैसे बाजूला काढले होते. यंत्र की ब्रेक, ह्यात माझा आठवडा गेला. भाव उतरतो का म्हणून मौलालीनंही दोन पत्रं घातली. मग मी यंत्राचे पैसे उचलून त्याच्या हातावर ठेवले. तुला माहीत आहे, मी विचार करून निर्णय घेणारी बाई आहे. तो आठवडा मला आता रोज आठवतो.

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगत होते, गाडी नाही, दिवस भरत आले की आधीच गावात येऊन राहा. चंद्रव्वालाही सांगितलं होतं. तुमच्याकडं जाऊन आलेल्या कुंभारीच्या लालबीकडून तुला तिचं कळलंच असेल. लालबी काय बोलली आणि कसं बोलली हे मला माहीत नाही, म्हणून मीच सगळं सांगते. पत्र ठेवून देऊ नकोस, वाच.

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी, कुंभारीला आली होती. तिची आई बजाबाई तिला घेऊन बाजाराच्या दिवशी तपासायला आली. पोरीचा चेहरा तोच गं, हनुवटीवर खळी. मी म्हटलं, चंद्रव्वा, तुझ्या आईला कळा सुटल्या तेव्हा मी थरथरत होते आणि तुला ओढून काढलं ते माजिदाबाईनं. ती लाजली. म्हणाली, "ठावं हाय की. आई दर साली सांगतीया. माझ्या येळंला त्यास्नी बोलवा की." मी हो म्हटलं. तुला पत्र टाकायचं मनात होतं. अमावास्या झाली की तिला दवाखान्यात आणून ठेवायचं असं बजाबाईनं ठरवलं. मी नाडी पाहिली, पोट पाहिलं, सगळं ठीक होतं.

अमावास्येच्या आधीच तिचं पोट दुखायला लागलं. रात्रभर कळा दिल्या आणि उजाडता उजाडता तिचा बाप, नागप्पा, सायकल मारत माझ्या दारात. घाम नुसता निथळत होता. गाडी तर विटांवर उभी, चाकं काढलेली. मी पिशवी उचलली आणि रस्त्यावर आले. टांगेवाला इतक्या लांब यायला तयार होईना. नबीसाबचा विटांचा ट्रक भट्टीकडे निघाला होता, त्याला हात केला. नबीसाबनं क्लीनरला खाली उतरवलं आणि मला पुढं बसवलं. नागप्पा सायकल घेऊन मागं विटांच्या धुळीत उभा. माजिदा, त्या माणसानं ट्रक असा हाकला की मला वाटलं, आज आपण वेळेवर पोचणार. मी मनातल्या मनात देवाला हातसुद्धा जोडले.

कुंभारीत शिरलो तर नागप्पाच्या अंगणात माणूस नाही. दार उघडं, बाज रिकामी, चुलीवर पाणी उकळतंय. आतून बाळाचा आवाज आला. शेजारची म्हातारी मांडीवर पोर घेऊन बसली होती, चांगली धडधाकट पोर, गुलाबी. मला बघून म्हातारी उभीच राहिली. म्हणाली, "अवो बाई, तुमी आलासा? आत्ताच गेली की समदी, बैलगाडीतनं. गाडी न्हाय म्हणल्यावर बाई कशा येतील, आसं म्हणाली बजाबाई."

बाळ झालं होतं, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. बजाबाई किती वेळ वाट बघणार? तिला वाटलं, नागप्पा कुठं वाहन शोधत फिरत असेल. तिनं पोरीला घोंगडीत गुंडाळलं, बैल जुंपले आणि शेतातल्या जवळच्या वाटेनं सोलापूरकडं निघाली. ती वाट रस्त्यापासून फार लांब नाही. तू पाहिली आहेस. पण ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, काढणीला आलेली. मी रस्त्यानं पुढं धावत होते आणि ती ज्वारीच्या पलीकडून मागं चालली होती. कुठंतरी आम्ही एकमेकींच्या शेजारून गेलो असणार. ट्रकचा आवाजही तिच्या कानावर आला असेल, पण ट्रकमध्ये मी असेन हे तिला कसं कळावं? आपल्या गाडीचा हॉर्न असता तर तिनं बैल थांबवले असते.

नबीसाबनं ट्रक वळवला. शेतवाट जिथं डांबरी रस्त्याला मिळते तिथं आम्ही उभे राहिलो. बैलगाडी ज्वारीतून बाहेर आली तेव्हा बजाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत होती, कानडीत, हळूहळू, लहान मुलाला समजावावं तसं. मी वर चढले, मनगट धरलं आणि मला कळलं. तरी इंजेक्शन दिलं. तरी हात घातला. वार माझ्या हातात सहज आली, माजिदा. तू आणि मी कंदिलाच्या उजेडात करायचो तेवढंच काम होतं ते. बजाबाई म्हणाली, "आता थांबलं ना बाई रगत?" मी म्हटलं, थांबलं.

त्यानंतर आठवड्यानं मुंबईहून पार्सल आलं. मौलालीनं सगळं नवं बसवलं, ड्रम लेथवर घासून घेतले, आणि गाडी दवाखान्यापर्यंत स्वतः घेऊन आला. किल्ली देताना तो खाली बघून म्हणाला, "बाई, त्या दिशी जुन्या रबरावरच जोडून दिली आसती तर..." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. तसं झालं असतं तर नागप्पाच्या लेकीबरोबर आणखी कोणीतरी गेलं असतं, असं त्याला सांगितलं. त्याला पटलं की नाही ठाऊक नाही. उरलेली मजुरी न्यायला तो अजून आलेला नाही. मी पोराबरोबर पाठवली तर परत आली. ब्रेक मात्र असे लागतात की बोट टेकवलं तरी गाडी जागच्या जागी उभी. दर बुधवारी मी कुंभारीला बाळ बघायला जाते. शेजारची एक लेकुरवाळी तिला पाजते आहे. हॉर्न मी वाजवत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. गेल्या बुधवारी बजाबाईनं मला चुलीपाशी बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "बाई, खरं सांगा. म्या घरातच थांबली आसती, तुमची वाट बघितली आसती, तर माजी पोर वाचली आसती का?" मी म्हटलं, नाही बजाबाई. तिचं रक्त फार आधीच गेलं होतं, मी उशाशी असते तरी ती राहिली नसती. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "तुमी डाक्टर, तुमी गोड बोलणारच. मी माजिदाबाईला इचारते. ती लबाड बोलत न्हाय." येत्या मंगळवारी ती कमळाभवानीच्या दर्शनाला करमाळ्याला येते आहे, गावातल्या बायांबरोबर. देवीचं निमित्त आहे, ती तुझ्याकडे येते आहे. तू तिला कधी खोटं सांगितलं नाहीस, मलाही नाहीस. खरं काय ते तुला हे पत्र वाचून कळलंच आहे, आणि ते आपल्या दोघींतच राहू दे. तिला तिच्या नातीला वाढवायचं आहे. तिनं तुझे हात धरून विचारलं, तर डोळ्यांत बघून सांग, बाई म्हणाल्या तेच खरं. पुढं कधी अल्लानं तुला ह्याचा जाब विचारला, तर माझ्याकडे बोट दाखव.

तुझीच,
बाई