पालकांनो, डोळे उघडा

४ ऑगस्ट, सोमवार
लोणी देवकरला आमच्या कंपनीत आज व्यसनमुक्तीचं ट्रेनिंग. मी सेफ्टी सुपरवायझर, त्यामुळे पहिल्या रांगेत. पोरं नशा करतात ते कसं ओळखायचं, सगळी लक्षणं तोंडपाठ झाली. आजपासून इंदापुरात आपल्या गल्लीवर नजर. घरची काळजी नाही. अविराज बारावीला. रोज एसटीने बारामतीला क्लासला जातो. त्याला वेळच कुठे आहे?

५ ऑगस्ट, संध्याकाळी
पहिला संशयित सापडला. शेजारचा सुयोग. अविराजच्याच क्लासचा. केस मानेपर्यंत, कानात बाळी. रस्त्यात अडवून डोळे तपासले. काका, काय शोधताय, म्हणाला. बोलणं एकदम स्पष्ट. म्हणजे चांगलाच तयार झालेला आहे.

१० ऑगस्ट
अविराजच्या पलंगाखाली खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. बऱ्याच. पोरगा किती समंजस! आम्हाला त्रास नको म्हणून स्वतःच आणतो, स्वतःच घेतो. संजीवनी म्हणाली, "अवो, पण त्याला खोकला कुठं हाय?" म्हटलं, औषधाने थांबला असणार. बायकोला साधं लॉजिक कळत नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर शाळेत माझं भाषण. विषय, 'पालकांनो, डोळे उघडा'. अविराज पुढेच बसून डोळे मिटून ऐकत होता. इतका तल्लीन की हनुवटी छातीला टेकली. सुयोग त्याला सारखा कोपराने ढोसत होता. दुसऱ्याची एकाग्रता बघवत नाही, हेही लक्षण असावं. ट्रेनिंगवाल्यांना कळवायला हवं.

१९ ऑगस्ट
अविराज जेवत नाही, चिडतो, क्लासहून आला की दार लावून झोपतो. अभ्यासाचा ताण. संकल्प: वडील नाही, मित्र व्हायचं. आज समोर बसवून मनमोकळा संवाद साधला. माझं बालपण, माझी नोकरी, शिस्त, सगळं आलं. मध्येच म्हणाला, पप्पा, मला एक सांगायचंय. म्हटलं, आधी माझं पूर्ण होऊ दे. पूर्ण झालं तोवर तो उठून गेला होता. तरी संवाद यशस्वी.

२३ ऑगस्ट
कंपनीतून आलो तर सुयोग आमच्या स्वयंपाकघरात. संजीवनीशी हळू आवाजात काहीतरी. मला बघून गप्प. त्याला हाकलला. संजीवनीच्या डोळ्यांत पाणी. विचारलं तर म्हणाली, कांदा. चिरत होती दोडका. बोलणार होती, पण मला आधी 'संगत' या विषयावर बोलायचं होतं.

२६ ऑगस्ट
शिफ्टमध्ये फोन. अविराज क्लासच्या जिन्यात पडला. सुयोगने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी बारामतीला पोचलो तर संजीवनी आधीच हजर. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही बदल दिसले का? मी सगळी लक्षणं धडाधड म्हणून दाखवली. भूक, झोप, चिडचिड, बंद दार, बाटल्या. डॉक्टर बघतच राहिले. म्हणाले, "मग आधी का नाही आणलंत?"
पुढचं लिहवत नाही.

३० ऑगस्ट
घरी आणला. वेळ लागेल, पण सुटेल, असं डॉक्टर म्हणतात. औषधं संजीवनी बघणार. अविराजला क्लासला सोबत सुयोगची. मला एकच काम. रोज संध्याकाळी पोराबरोबर चालायचं, तो बोलेल ते ऐकायचं. आपण बोलायचं नाही. एवढंच? माझा अनुभव वाया घालवतायत. पण करतो. सोपं आहे.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी
कॅनॉलपर्यंत गेलो. त्याने काठावरचे दोन-चार खडे पाण्यात टाकले. मग म्हणाला, परीक्षेची भीती वाटते, झोप लागत नव्हती, म्हणून सुरू झालं. माझ्याकडे झोपेवर उत्तम माहिती होती. भीतीवरही. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. घाम फुटला. हात कापायला लागले. अविराज थांबला. माझ्याकडे नीट बघितलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला,
"सुरवातीला जड जातं, पप्पा. हळूहळू सुटंल."